इन्सुलिन पंप घ्यावा की पेनच चालू ठेवावे? निर्णयासाठी अनुभव हवे आहेत

अबोली

नमस्कार. मला टाइप १ मधुमेह होऊन २१ वर्षे झाली. आता वय ३४ आहे. रात्री दहाला इन्सुलिनच्या पेनने ग्लार्जिनचे (दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे) १८ युनिट आणि प्रत्येक जेवणाआधी जलद इन्सुलिन, म्हणजे दिवसातून चार ते पाच वेळा टोचून घेणे, हा क्रम गेली १२ वर्षे चालू आहे. टोचण्याचा मला त्रास होत नाही, हे आधीच सांगते. ४ मिलिमीटरची सुई आता जाणवतही नाही. अडचण वेगळी आहे.

झोपताना साखर १३० च्या आसपास असते. मध्यरात्री दोन-तीनच्या सुमारास ती ७५-८० वर येते, आठवड्यातून एखादे वेळी ६० पर्यंत उतरते आणि घामाने अंग भिजून जाग येते. सकाळी सातला मात्र तीच साखर २१० ते २३० झालेली असते. ग्लार्जिन दोन युनिटने वाढवले की सकाळचा आकडा थोडा सुधारतो, पण मध्यरात्रीची घसरण हमखास होते. दोन युनिटने कमी केले की रात्र शांत जाते आणि सकाळी २५० दिसतात. ताजे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.९ आले आहे. मागच्या महिन्यात पहाटे उठून, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, पेनच्या टकटक आवाजावरून दोन युनिट मोजले. टोचण्याआधी मन मानेना म्हणून दिवा लावून पाहिले, तर पेनच्या खिडकीत ४ चा आकडा होता. त्या रात्रीनंतर मी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहू लागले.

डॉक्टरांनी पंपाचा विचार करायला सांगितले आहे. परंतु चोवीस तास शरीराला यंत्र जोडलेले असणे मला झेपेल का, यंत्र बंद पडले तर काय, आणि एवढा खर्च केल्यावर माझा हा पहाटेचा प्रश्न खरोखर सुटेल का, हे मला कळत नाही. पंप वापरणाऱ्यांनी आणि वापरून सोडलेल्यांनीही लिहावे, अशी विनंती आहे.

वाटसरू

अबोली, तुम्ही जे वर्णन केले आहे त्याच कारणासाठी मी सात वर्षांपूर्वी पंप घेतला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहाटे तीनपासून पुढे शरीरात ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल वाढू लागतात, त्यांच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडते आणि त्याच वेळी इन्सुलिनचा परिणामही मंदावतो. ज्यांचे स्वादुपिंड काम करते त्यांचे शरीर या वेळी आपोआप जास्त इन्सुलिन सोडते. आपले तसे नाही. ग्लार्जिन किंवा त्याहून नवे डेग्लुडेक ही इन्सुलिने मुद्दामच अशी बनवली आहेत की त्यांचा परिणाम शक्य तितका सपाट राहावा. डेग्लुडेकचा तर ४२ तासांहून अधिक टिकतो. ज्याला दिवसभर सारखीच गरज आहे त्याच्यासाठी हे वरदान आहे, पण तुमची गरज दोन वाजता कमी आणि पाच वाजता जवळजवळ दुप्पट असेल, तर एकच सपाट डोस दोन्हीकडे चुकणार. त्यात तुमच्या हातून काही चुकते आहे असे मानू नका.

पंपात केवळ जलद इन्सुलिन भरलेले असते आणि ते दर काही मिनिटांनी थेंबाथेंबाने त्वचेखाली जात राहते. हा वेग तासागणिक ठरवता येतो. माझा सध्याचा आराखडा असा आहे की रात्री ११ ते २ या वेळेत ताशी ०.५५ युनिट जाते, २ ते ७ मध्ये ०.९५ आणि उरलेल्या दिवसात ०.७. वाढ तीनऐवजी दोन वाजता सुरू केलेली आहे, कारण जलद इन्सुलिनलाही परिणाम दाखवायला वेळ लागतो आणि साखर चढू लागल्यावर वेग वाढवून उपयोग नसतो. हे आकडे माझे आहेत, त्यांची नक्कल कृपया कोणी करू नये. पण आराखडा बसल्यानंतर झोपतानाची आणि उठतानाची साखर यांत ३० हून जास्त फरक पडला, तर मी त्यामागचे कारण शोधू लागतो, इतकी आता स्थिरता आहे.

दुसरा फायदा मला व्यायामात दिसला. धावायला जाण्याच्या तासभर आधी बेसलचा, म्हणजे सतत जाणाऱ्या मूळ इन्सुलिनचा, वेग निम्म्यावर आणता येतो. रात्री टोचलेले ग्लार्जिन सकाळी परत काढून घेता येत नाही.

यंत्र जोडलेले राहण्याबद्दल म्हणाल, तर पहिले तीन आठवडे फार जड गेले. कूस बदलताना नळी अंगाखाली यायची आणि दाराच्या कडीत अडकून एकदा सेट (त्वचेवर चिकटवलेला, इन्सुलिन आत सोडणारा नळीचा भाग) उपटलाही गेला. पुढे ते अंगवळणी पडले. आंघोळीपुरता आणि पोहण्यापुरता तो काढून ठेवता येतो, फक्त तासाभराच्या आत परत जोडावा लागतो. नळी नको असेल तर त्वचेवरच चिकटणारे बिननळीचे पंपही मिळतात.

कातळ

मी दोन वर्षे पंप वापरला आणि पुन्हा पेनवर आलो. कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु निर्णय करताना ही बाजूही समोर असावी.

पंपाबाबत एक गोष्ट पूर्णपणे समजून घेतल्याशिवाय तो लावू नये. पेनवर असताना तुमच्या शरीरात दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. जेवणाचा एखादा डोस राहिला तर साखर चढते, पण मूळ पुरवठा तुटत नाही. पंपावर असा साठाच नसतो. पुरवठा थांबला की तीन-चार तासांत शरीर इन्सुलिनविना राहते आणि किटोन (चरबी जळून रक्तात साचणारी घातक आम्ले) तयार होऊ लागतात.

माझ्या बाबतीत हे असे घडले. एका रात्री झोपण्यापूर्वी मी सेट बदलला आणि साखर १४० पाहून झोपलो. पहाटे पाचला मळमळीने जाग आली तेव्हा तोंड कोरडे पडले होते आणि साखर ३८० होती. रक्तातले किटोन २.८ निघाले, म्हणजे दवाखाना गाठण्याइतके. पंपाच्या पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसत होते आणि रात्रभरात एकही अलार्म वाजला नव्हता. सेट उपटून पाहिला, तर त्वचेखाली जाणारी ती मऊ, बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, टोकाशी काटकोनात मुडपलेली होती आणि चिकटपट्टीचा खालचा भाग ओला होता; इन्सुलिन बाहेरच झिरपत राहिले होते. मी लगेच पेनने डोस घेतला, भरपूर पाणी प्यायलो आणि दवाखान्यात गेलो. सलाईनवर राहावे लागले. दुपारपर्यंत बरा झालो.

पंप सोडण्याचे कारण मात्र ती रात्र नाही. चिकटपट्टीखालची त्वचा लाल होऊन खाजायची, दर तीन दिवसांनी नवी जागा शोधावी लागायची आणि अलार्ममुळे मला सतत आजारी असल्यासारखे वाटू लागले होते. पेनवर असताना मी दिवसातून पाच वेळा मधुमेहाचा विचार करतो. पंपावर तो विचार चोवीस तास कमरेला असायचा. आता डेग्लुडेक आणि दंडावर सेन्सर (साखर सतत मोजणारे छोटे उपकरण) असे चालू आहे आणि एचबीएवनसी ७.१ आहे. मला पहाटेचा त्रास नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो असता तर कदाचित मी वेगळे ठरवले असते.

सोनचाफा

माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला दिवसभरात जेमतेम सात युनिट लागतात. अर्ध्या युनिटचे पेन आमच्याकडे होते, पण तिच्यासाठी अर्धे युनिटही कधी जास्त व्हायचे. पंप ०.०२५ युनिट इतका बारीक डोस देतो. शिवाय लहान मूल ताटात वाढलेले सगळे खाईल याचा भरवसा नसतो; आधी टोचायचे आणि मग तिने चार घासांत तोंड फिरवले की आमचा जीव टांगणीला लागायचा. आता थोडे आधी आणि उरलेले ती जेवेल तसे, एकही टोचणी न वाढवता देता येते. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत माझे मत स्पष्टपणे पंपाच्या बाजूने आहे. मोठ्यांनी कातळ यांचा प्रतिसाद दोनदा वाचावा.

निरंजनी

मी मधुमेह-शिक्षक म्हणून काम करते. इथे कोणाला वैयक्तिक उपचार सुचवणार नाही, पण निर्णयाची मांडणी कशी करावी याबद्दल सविस्तर लिहिते, कारण 'चांगले काय, पंप की इंजेक्शन' या प्रश्नात बहुतेक लोक अडकून पडतात आणि हा प्रश्न असा विचारला तर त्याला उत्तर नाही.

१९९३ मध्ये डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ च्या १,४४१ रुग्णांच्या या अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात, ज्यांना सुरुवातीला डोळ्यांचा विकार नव्हता त्यांच्यात, तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. इथे लक्षात ठेवण्याची बाब अशी की त्या गटातील लोक दिवसाला तीन किंवा अधिक इंजेक्शने घेत होते अथवा पंप वापरत होते. दोन्ही मार्ग त्यात होते. डोळे आणि मूत्रपिंडे वाचली ती साखर आटोक्यात राहिल्यामुळे.

पुढे २०१७ मध्ये ब्रिटनमधील रिपोज हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांना आधी कार्ब (जेवणातली कर्बोदके) मोजण्याचे आणि डोस ठरवण्याचे सारखेच प्रशिक्षण दिले आणि मग एका गटाला पंप, दुसऱ्याला इंजेक्शने दिली. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे एचबीएवनसी सुधारले होते, पण त्यांच्यातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. माझ्या रोजच्या कामाशी हे जुळते. कार्ब न मोजता अंदाजाने बोलस (जेवणाचा डोस) घेणारी व्यक्ती पंपावर गेली तर तीच चूक यंत्रातून करते, आणि ज्यांनी शिक्षण नीट घेतले आहे त्यांची पेनवरही उत्तम प्रगती होते. (त्या अभ्यासातले पंप स्वतः निर्णय घेणारे नव्हते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.)

मग पंप कोणाला? सरासरी काढताना जी माणसे झाकली जातात त्यांना. ज्यांची साखर वारंवार आणि जाणवल्याशिवाय खाली जाते, ज्यांचे डोस फार बारीक आहेत, ज्या गर्भधारणेचे नियोजन करत आहेत, आणि ज्यांची पहाट अबोलीताईंसारखी आहे. म्हणून पहिला प्रश्न असा हवा की चोवीस तासांतल्या नेमक्या कोणत्या वेळी माझी साखर बिघडते, आणि ती वेळ सुधारण्याचे साधन माझ्या हातातल्या पेनमध्ये आहे का.

अबोलीताई, तुम्ही आज ज्या आकड्यांवर निर्णय करू पाहत आहात ते रात्रीतल्या दोन-तीन मोजण्यांचे आहेत. शक्य असेल तर पंपाआधी सेन्सर लावा. किमान दोन आठवड्यांचा आलेख हातात आला की मधल्या तासांत काय होते ते दिसेल. प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य असे मानतात की ७० ते १८० या पट्ट्यात ७० टक्क्यांहून अधिक वेळ असावा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. सेन्सरची मदत पेनवरच्या लोकांनाही होते, आणि पुढे पंप घेतलाच तर तो लागणारच आहे, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

त्यासोबत आणखी एक गोष्ट करा आणि ती आजच करा. उजेडात बसून पोट आणि मांड्या बोटांच्या पेरांनी हळूहळू चाचपून पाहा. वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यात टोचल्याने त्वचेखाली रबरासारखा मऊ उंचवटा तयार होतो. तिथे टोचलेले दुखत नाही म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. अशा जागेतून इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम शोषले जाते आणि मग कोणताही डोस बरोबर बसत नाही. तिथे पंपाचा सेट लावला तरी हेच होणार. उंचवटा सापडला तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण निरोगी जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर झपाट्याने उतरू शकते.

उत्तररात्र

हे सर्व टाइप १ बद्दल आहे असे दिसते. मला टाइप २ असून दिवसाला चार इंजेक्शने घेतो. माझ्यासारख्याने पंपाचा विचार करावा का?

निरंजनी

करता येतो, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टुमाइझ अभ्यासात, अनेक इंजेक्शने घेऊनही साखर आटोक्यात न आलेल्या टाइप २ च्या ३३१ रुग्णांपैकी पंपाच्या गटाचे एचबीएवनसी १.१ ने उतरले आणि इंजेक्शनच्या गटाचे ०.४ ने. म्हणजे डोस बराच वाढवूनही ज्यांचे अडले आहे त्यांना उपयोग होतो. त्याआधी तुमची इतर औषधे आणि डोस चुकण्याचे प्रमाण डॉक्टरांसोबत तपासून घ्या.

वाटसरू

कातळ यांनी लिहिलेली रात्र माझ्याही वाट्याला एकदा आली आहे, त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द मला पटतो. एका गोष्टीची भर घालतो. आजचे अनेक पंप सेन्सरशी जोडलेले असतात आणि दर पाच मिनिटांनी साखर वाचून बेसल स्वतः कमी-जास्त करतात. अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मी दोन वर्षांपूर्वी त्यावर गेलो. साखर ८० कडे झुकू लागली की ते पुरवठा थांबवते आणि पहाटे चढू लागली की वाढवते. माझा हाताने बसवलेला आराखडा आता मागे पडला आहे. जेवणाचे कार्ब मात्र अजूनही आपल्यालाच सांगावे लागतात. मुडपलेली कॅन्युला ते दुरुस्त करू शकत नाही, पण साखर चढते आहे हे ओरडून सांगते, आणि कातळ यांच्याजवळ त्या रात्री नेमके तेच नव्हते.

कातळ

मान्य आहे. तेव्हा माझ्याकडे सेन्सर नव्हता. तरीही पंप घेणाऱ्याने किटोनच्या पट्ट्या, पेन आणि जलद तसेच दीर्घ इन्सुलिन कायम जवळ बाळगावे, आणि सलग दोनदा २५० च्या वर साखर आली तर पंपातून सुधारणेचा डोस देत न बसता पेनने टोचून मग सेट बदलावा, हे मी आग्रहाने सांगेन.

अबोली

साडेतीन महिन्यांनी परत लिहिते आहे. सर्वांचे मनापासून आभार.

निरंजनीताईंनी सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी पोट चाचपले. बेंबीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग इतर त्वचेपेक्षा घट्ट आणि फुगीर लागला. मी उजव्या हाताने पेन धरते आणि बारा वर्षे रात्रीचे ग्लार्जिन तिथेच टोचत आले होते. आरशात ते कधी दिसले नाही, कारण मी समोरूनच पाहत होते. डॉक्टरांनी तो भाग काही महिने पूर्ण बंद ठेवायला सांगितला आणि ग्लार्जिन १८ वरून १५ वर आणले. मांडीवर टोचू लागल्यापासून मध्यरात्रीची घसरण जवळजवळ थांबली. ज्या घामाच्या रात्रींसाठी मी यंत्राचा विचार करत होते त्यांतल्या बऱ्याचशा रात्रींचे कारण ती गाठ होती, हे समजल्यावर मला रडू आले.

पहाटेची चढण मात्र गेली नाही. सेन्सरच्या आलेखात रोज साडेतीनच्या सुमारास रेषा वर वळते आणि सातला २०० च्या आसपास पोहोचते, रात्रीचे जेवण लवकर घेतले तरी, आणि एका रात्री जेवण टाळून बेसलची चाचणी केली तेव्हाही. ७० ते १८० मधला वेळ ५२ टक्क्यांवरून ६४ वर आला आहे आणि तिथेच थांबला आहे. हे आलेख घेऊन डॉक्टरांकडे बसले, तेव्हा पहिल्यांदा मला माझा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता आला: दिवस पेनवर चालतो आहे, पहाटेचे साडेतीन तास चालत नाहीत.

म्हणून सेन्सरशी जोडलेला पंप घेण्याचे ठरवले आहे. सुरुवातीला एकूण इन्सुलिन आणखी थोडे कमी करणार आहेत, पंपावर जाताना साधारणपणे १० ते २५ टक्के घट करतात असे त्यांनी सांगितले. त्याआधी आठवडाभर पंपात इन्सुलिनऐवजी सलाईन भरून तो अंगावर वागवायला दिला आहे. डोस अजून पेननेच घेते. आज चौथा दिवस आहे. पहिल्या रात्री झोप लागली नाही, काल लागली. पेन, सुया आणि किटोनच्या पट्ट्या पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या आहेत, कातळ. उद्या पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सेट बदलायचा आहे. त्याबद्दल काही सांगायचे असेल तर सांगा.

वाटसरू

सेट नेहमी सकाळी किंवा दुपारी बदला, झोपण्यापूर्वी कधीही नको. नळी भरताना ती उभी धरून बोटाने टिचक्या मारा, म्हणजे बुडबुडे वर येऊन निघून जातील. नळीतल्या एका लांब बुडबुड्यात अर्धा-पाऊण युनिट सहज जाते. बेंबीपासून दोन बोटे सोडून उजवीकडे लावा आणि जुना सेट नवा बसल्यावरच काढा. इन्सुलिन सुरू झाल्यावर प्रत्येक बदलानंतर दोन तासांनी साखर पाहा. चढत असेल तर वाट न पाहता सेट पुन्हा बदला.